पेशीत दडलेल्यांच्या मागावर

केजच्या मोंढा बाजारात चन्नप्पा शेट्यांचं सरकी-पेंडीचं दुकान आहे. आत शिरलं की आधी पेंडीचा तेलकट वास येतो. मग डोळे अंधाराला सरावतात आणि गादीवर बसलेले चन्नप्पा दिसतात. सत्त्याण्णव साली त्यांच्या मागच्या भिंतीवर एक फोटो लागला. फोटोत पांढरा कोट घातलेली एक मुलगी हातातल्या काचेच्या नळीकडे पाहते आहे. ही कोण, असं गिऱ्हाईक विचारायचं. आमची प्रणिता, हैदराबादला असते, असं चन्नप्पा सांगायचे. तिथं ती काय करते, असं कुणी पुढं विचारलं की मात्र ते शब्द निवडून बोलायचे.

"दडून बसलेल्या जंतूंना मारायचं औषध जुळवती," असं ते सांगायचे. 'करती' किंवा 'बनवती' हे शब्द त्यांना पटत नसत. जुळवती हाच शब्द बरोबर होता, आणि तो त्यांनी प्रणितालाच चार प्रश्न विचारून मिळवला होता.

ती वर्षं अशी होती की केजच्या बसस्टँडसमोर काळ्या काचांचा कॉम्प्युटर क्लास निघाला होता आणि ज्याच्या त्याच्या घरचं पोरगं पुण्याला कॉम्प्युटर शिकायला निघालं होतं. प्रणिता त्या रांगेत लागली नाही. लहानपणी ती परसातले दगड उचलून खाली काय राहतं ते बघायची आणि दगड जसाच्या तसा परत ठेवायची. तिथल्या किड्याला कळू नये की कुणी येऊन गेलं, याची तिला फार काळजी असे. पुढं औरंगाबादला जीवरसायनशास्त्र, तिथून हैदराबादच्या एका सरकारी प्रयोगशाळेत संशोधन, हा सगळा प्रवास त्या दगड उचलण्याचाच लांबलेला भाग होता, असं तिची आई शांतादेवी म्हणायची. म्हणताना तिच्या आवाजात कौतुक आणि तक्रार दोन्ही असत.

प्रणिताचं काम सांगायला सोपं होतं, करायला नव्हतं. बेडूक घाण पाण्यात राहतो, त्याला जखम होते, तरी ती सडत नाही. कारण त्याच्या कातडीत प्रथिनाच्या आखूड साखळ्या असतात, पेप्टाइड म्हणतात त्यांना, आणि त्या जिवाणूंना चिकटून त्यांचं आवरण फोडतात. हे जगाला कळून तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. प्रणिताचे मार्गदर्शक सीतापती सर अशा साखळ्या बेडकाविना, स्वतःच्या मनाप्रमाणे रचू पाहत होते. साखळीची एक कडी म्हणजे एक अमिनो आम्ल. एक कडी जोडायची, धुवायचं, पुढची जोडायची, पुन्हा धुवायचं. एक साखळी पुरी व्हायला आठवडा लागे. पूर्वी या कड्या परदेशातून मागवायच्या तर परवान्यातच वर्ष जायचं. आता त्या दीड-दोन महिन्यांत येऊ लागल्या होत्या, आणि बर्फाच्या खोक्यातून निघालेली ती छोटी पांढरी बाटली प्रणिता दोन्ही हातांनी धरून फ्रीजपर्यंत न्यायची.

प्रणिताला हवे होते ते आतले जिवाणू. आपल्या रक्तात अशा पेशी असतात की ज्यांचं कामच जंतू गिळणं. काही जिवाणू मुद्दाम गिळले जातात आणि त्या पेशीच्या पोटातच संसार मांडतात. बाहेर औषधाचा पूर आला तरी त्यांना आत ओल लागत नाही. साखळी अशी हवी की तिनं पेशीच्या आत जावं, आतल्या जिवाणूला फोडावं आणि पेशीला मात्र धक्का लावू नये. चिकटणाऱ्या कड्या वाढवल्या की साखळी पेशीलाही फोडी. कमी केल्या की दारातूनच परत येई. सोळाव्या साखळीत तिनं मधोमध प्रोलीन नावाची कडी घातली. या कडीपाशी साखळीला बाक येतो. वाकलेली साखळी घुसते पण फाडत नाही, असा तिचा अंदाज होता. आणि जिवाणूंचे आकडे खरंच उतरले. आतले जिवाणू दहातले आठ मेलेले दिसले.

हे तिनं त्याच रविवारी दुकानाच्या फोनवर वडलांना सांगितलं. सांगायला नको होतं, हे तिला नंतर कळलं.

कारण चन्नप्पांना तेव्हा वर्षभर ताप येत होता. संध्याकाळी चढायचा, पहाटे सदरा ओलाचिंब करून उतरायचा. कंबर धरायची. पंधरा दिवस असं चालायचं, मग महिनाभर काहीच नाही, आणि सुटलो असं वाटेतोवर पुन्हा तेच. केजात मलेरियाचं औषध झालं, मग टायफॉइडचं. शेवटी प्रणितानं त्यांना हैदराबादला नेऊन रक्त तपासलं तेव्हा नाव कळलं, ब्रुसेला. गुराढोरांकडून माणसात येणारा जिवाणू. आणि राहण्याची जागा तीच, गिळणाऱ्या पेशीचं पोट.

प्रणिता तो कागद हातात घेऊन दवाखान्याच्या जिन्यात बसली होती. ज्याच्या जातकुळीचा ती तीन वर्षं माग काढत होती, तो घरात येऊन बसला होता.

डॉक्टरांनी दोन औषधं दीड महिना घ्यायला सांगितली आणि दूध उकळून प्या असं बजावलं. प्रणितानं आईला विचारलं. शांतादेवीला राग आला. आपल्या घरात कच्चं दूध कुणी कधी पितं का, गुंजेचं दूध आलं की आधी चुलीवरच चढतं, साय येईस्तोवर उतरत नाही. हे खरंच होतं. गुंजा म्हणजे त्यांची लाल कंधारी गाय. तेव्हा दूध नाही, असं म्हणून प्रणितानं तो प्रश्न मिटवला. पेंडीचं दुकान, दिवसभर गुरं असणाऱ्यांची ये-जा, आला असेल कुठूनतरी, असं तिनं धरलं.

औषधानं ताप गेला. तीन महिन्यांनी परत आला. पुन्हा दीड महिना औषध, पुन्हा गेला, पुन्हा आला. एकही गोळी चुकली नव्हती, शांतादेवी स्वतः हातावर गोळी ठेवून गिळेपर्यंत उभी राहायची. प्रणिताला दुसरं कारण दिसेना. औषध आत पोचत नाही, काही जिवाणू खोल दडून राहतात आणि पुन्हा वर येतात. तिच्या साखळीचा जन्म ज्यासाठी होता ते हेच.

आणि नेमका तोच विचार चन्नप्पांनीही केला. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी औषध लिहिलं तेव्हा त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "कावून घेऊ? दोनदा घेतलं, दोनदा आला. तुझंच येऊ दे आता."

"अप्पा, माझं औषध न्हाई ते. अजून काचेतच हाय."

"काचेत तर काचेत. मला लई घाई न्हाई."

मागून संगमेशचा, तिच्या थोरल्या भावाचा, आवाज आला. "तिकडं आधी उंदरांना देतात, अप्पा. तुमी नंबर लावून ऱ्हावा."

चन्नप्पा हसले. प्रणिता हसली नाही. हा जिवाणू असाच सोडला तर मणक्यात उतरतो, हे तिनं वाचलं होतं. आणि वडलांची कंबर आता सकाळी उठताना भिंत शोधत होती. त्यांना औषध नको होतं, कारण त्यांचा आपल्या मुलीवर विश्वास होता.

त्यानंतर ती जास्तच कामाला लागली. सोळाव्या साखळीचा प्रयोग पुन्हा लावला. प्रयोगाची रीत अशी. पेशींना जिवाणू गिळू द्यायचे. न गिळलेले बाहेर उरतात, ते मारायला एक औषध घालायचं. हे औषध पेशीच्या आत शिरत नाही, त्यामुळं आतले सुरक्षित राहतात. मग धुवायचं. आता जे जिवंत ते आतलेच असणार, असं धरायचं आणि त्यांच्यावर साखळी सोडायची.

ते बाहेरचं औषध संपत आलं म्हणून एका सकाळी ती नवीन पातळ करायला बसली, आणि तिच्या लक्षात आलं की शीतपेटीतली मोठी बाटली मुळातच पातळ केलेली आहे. आधीच्या कुणी विद्यार्थ्यानं ती तशी करून ठेवली होती, चिठ्ठी पुसट झाली होती. प्रणितानं ती मूळची समजून पुन्हा पातळ केली होती. म्हणजे इतके महिने तिचं औषध नावापुरतं होतं. बाहेरचे मरतच नव्हते.

तिनं दाट औषध घालून प्रयोग परत केला. सोळाव्या साखळीनं आतले मारले, पण दहातले जेमतेम दोन. बाकीचं सगळं यश बाहेरच्यांवरचं होतं. ज्यांना ती आतले म्हणत आली होती ते दारातच उभे होते.

सीतापती सरांना तिनं सांगितलं. सर रागावले नाहीत. दोन हे शून्य नाही, म्हणाले, आणि चहा पाजला. प्रणिता चहाचा पेला हातात धरून उभी राहिली. मनात एकच वाक्य फिरत होतं. आतले आतले म्हणून धरलेले, आणि बाहेरून येणारे. अप्पांचा तापही तसाच असेल तर? ती पेला तसाच ठेवून रजेचा अर्ज लिहायला गेली.

परळीपर्यंत रेल्वे, तिथून अंबाजोगाईमार्गे एसटी. दुपारी घरी पोचली तेव्हा शांतादेवीनं आधी विचारलं, औषध आणलंस का. नाही म्हणाल्यावर मग आलीस कशाला, असं विचारलं नाही, पण पाण्याचा तांब्या जरा जोरात खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रणिता घरातच हिंडत राहिली. लहानपणी दगड उचलायची तशी. गोठ्यात गेली, पाण्याच्या हौदाशी गेली, अप्पा गुंजेला कोणत्या हातानं पेंड घालतात ते पाहून आली. दूध आलं, चुलीवर चढलं, उतू जाता जाता उतरलं. सगळं बरोबर होतं.

चन्नप्पा आंघोळ करून पाटावर बसले. कपाळाला विभूती लावली, गळ्यातल्या वस्त्रात बांधलेलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. पाणी घातलं, बेलाचं पान वाहिलं. मग शांतादेवीनं त्यांच्यापुढं एक वाटी ठेवली. वाटीत गुंजेचं पहिल्या धारेचं दूध, फेसासकट. चन्नप्पांनी ते सावकाश लिंगावर ओतलं. बोटांमधून निथळून ते खालच्या तबकात पडलं. पूजा झाल्यावर तबकातलं तीर्थ त्यांनी वाटीत घेतलं, घरातल्या प्रत्येकाच्या तळहातावर थेंब थेंब ठेवलं आणि उरलेलं सगळं स्वतः प्यायले.

प्रणितानंही हात पुढं केला होता. पंचवीस वर्षांची सवय. थेंब तळहातावर पडला आणि ती त्याच्याकडं बघत राहिली.

"आई, हे तापवलेलं हाय का?"

शांतादेवी तिच्याकडं वेड्यासारखी बघायला लागली. "तीर्थ कुणी तापवतं का, बाई?"

त्या घरात दुधाला दूध म्हणत आणि तीर्थाला तीर्थ. दूध उकळून पिता का, या प्रश्नाचं उत्तर शांतादेवीनं खरंच दिलं होतं. आणि विचारणारीही त्याच घरात वाढलेली होती, म्हणून तिला दुसरा प्रश्न सुचला नव्हता.

हा जिवाणू आधी गाईचा गर्भ पाडतो, म्हणून गुंजा कधी गाभडली होती का, असं तिनं मग विचारलं. गाभडली होती, शांतादेवी म्हणाली, तीन वर्षांमागं, पोळ्याच्या तोंडावर. पुढच्या खेपेला मात्र नीट व्याली. त्यानंतरच्या हिवाळ्यात चन्नप्पांना पहिला ताप आला होता.

प्रणितानं वडलांना सगळं सांगितलं, आणि त्यात आपली साखळी फसली हेही सांगितलं. चन्नप्पांनी आधी त्याचंच विचारलं. किती मरतात आता? दहातले दोन. मग बाकीचे आठ आत काय करतात? वाढतात, अप्पा. त्यांनी मान हलवली. स्वतःच्या तापाकडं ते मग वळले, आणि वळले ते भांडायलाच. तीर्थ सगळे घेतात, मग ताप एकट्यालाच कावून? प्रणितानं सांगितलं की तुम्ही वाटी पिता, बाकीचे थेंब. आणि संगमेशची कंबर वर्षभर दुखते ती मोटारसायकलीनंच दुखते हे कशावरून? संगमेश तोवर गमतीत ऐकत होता, त्यानं आता कंबरेवर हात ठेवला.

"लिंगावरून आलेलं तीर्थ बाधत न्हाई," चन्नप्पा म्हणाले.

दूध तापवून, गार करून घाला, असं प्रणितानं सुचवलं. तापवलेलं दूध अभिषेकाला चालत नाही. मग घाला, पण पिऊ नका. हे तर त्याहून वाईट, लिंगावर घातलं की ते तीर्थ झालं, आणि तीर्थ सांडायचं नसतं, टाकायचंही नसतं. संगमेश म्हणाला, गायच विकू. त्यावर शांतादेवी चिडली.

"दुसऱ्याच्या घरी ताप पाठवता का? अन् तुमी हो, सगळ्या मोंढ्याला पोरीचा फोटो दाखवता. तिचं एक ऐकायचं आलं तर तोंड फिरवून बसले."

चन्नप्पा तोंड फिरवून बसले नव्हते. ते तळहाताकडं बघत बसले होते. दिवसभर दुकानात गेले नाहीत. संध्याकाळी ताप चढला, तेव्हा प्रणितानं गोळ्यांचं पाकीट उशाशी ठेवलं. तिला माहीत होतं, गोळ्या घेतल्या आणि वाटी चालूच राहिली तर चौथी खेप ठरलेली. आणि गोळ्याच घेतल्या नाहीत तर चौथ्या खेपेआधीच तो मणक्यात उतरेल.

सकाळी ते पाटावर बसले. विभूती, पाणी, बेल. शांतादेवीनं दुधाची वाटी पुढं केली. तिचं मन कालच्या बोलण्यावर होतं, पण हात रोजच्या सवयीनंच पुढं झाला होता. चन्नप्पांनी वाटी घेतली नाही. तांब्या मागितला. पाण्यानंच अभिषेक केला, खाली निथळलेलं पाणी प्यायले, आणि सगळ्यांच्या हातावर तेच ठेवलं. मग प्रणिताला म्हणाले, "पहिली गाय आली तवा आमच्या अव्वानं, तुझ्या आजीनं, दूध सुरू केलं. त्याच्या आधी पाणीच होतं. तवाबी तीर्थच म्हणायचे."

पाकिटातली गोळी हातात घेऊन त्यांनी ती उलटसुलट पाहिली. "ही तुझी न्हाई नं?"

"न्हाई अप्पा. जुनीच हाय."

"बरं," म्हणून त्यांनी ती गिळली. बरं म्हणताना ते थोडे हिरमुसले होते, असं प्रणिताला वाटलं.

संगमेशच्या रक्तातही ब्रुसेलाची खूण सापडली आणि त्यालाही गोळ्या लागल्या. गुंजा घरीच राहिली. तिचं दूध आता चुलीखेरीज कुठं जात नव्हतं, आणि तिच्याजवळ जाणारा माणूस हात धुवून घरात येत होता. पावसाळा गेला, दिवाळी गेली. चन्नप्पांचा सदरा पहाटे कोरडा राहू लागला. तरी ते कुणाला बरा झालो म्हणत नसत. कसं हाय, असं विचारलं की, अजून तरी ताप न्हाई, असं उत्तर द्यायचे.

माघात ते रक्त तपासायला हैदराबादला गेले. खूण चांगलीच उतरली होती. दवाखान्यातून निघाल्यावर त्यांनी प्रयोगशाळा बघायची म्हणून सांगितलं, अगदी सरकीचा नवीन माल बघायचा तसं. प्रणितानं त्यांना सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं. टोपी काढायला लावली, डोळा कुठं ठेवायचा ते दाखवलं. बराच वेळ त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग एकदम ते स्थिर झाले.

निळसर रंगवलेली एक मोठी गोल पेशी, आणि तिच्या पोटात बारीक बारीक काड्या.

"हेच का?"

"तुमचे न्हाईत हे. त्यांचे चुलतभाऊ समजा."

"मेलेत का निजलेत?"

प्रणितानं सांगितलं की रंग दिला की सगळेच मरतात, आधी कोण जिवंत होतं ते यात दिसत नाही. ते बघायचं तर पेशी फोडायची, आतल्यांना खायला घालायचं आणि कोण वाढतं ते मोजायचं.

"म्हणजे जागे असतील त्यांचीच हजेरी. निजलेला हजेरी देत न्हाई."

"न्हाई देत," प्रणिता म्हणाली. याच गोष्टीवर गेल्या आठवड्यात तिचं सरांशी बोलणं झालं होतं. एकोणिसावी साखळी तिनं त्याच्यासाठीच सुरू केली होती.

"मग माझ्यातले?"

तिनं जे माहीत होतं तेवढंच सांगितलं. रक्तातली खूण उतरली आहे, बाहेरून नवीन येत नाहीत, ताप नाही. इतकं खात्रीनं सांगता येतं, अप्पा. एखादा निजला असेल तर तो उठल्यावरच कळेल. म्हणून दर सहा महिन्यांनी यायचं.

चन्नप्पांनी हे ऐकून घेतलं. ते घाबरलेले दिसले नाहीत. त्यांनी पुन्हा डोळा लावला, आणि पेशी सरकवायची फिरकी कोणती ते विचारलं. प्रणितानं त्यांचं बोट फिरकीवर ठेवलं. एक पेशी गेली, दुसरी आली. दुसरीच्या पोटात काहीच नव्हतं, तिसरीच्या पोटात होतं. मागं सूक्ष्मदर्शकासाठी दोन विद्यार्थी ताटकळत उभे होते. प्रणितानं त्यांना हातानंच थांबा म्हणून खुणावलं.